टप्पा, पल्ला आणि हाक : शिरूर-दौंड परिसरातील पीकराखणीच्या इतिहासातील एक प्रश्न

पिकांच्या राखणीचा इतिहास लिहिताना शस्त्रांच्या प्रगतीचा एक सरळ क्रम मांडण्याचा मोह होतो : आधी गोफण, नंतर ठासणीची बंदूक, पुढे काडतुसाची बंदूक आणि अखेरीस अचूक मारा करणारी रायफल. यंत्रविद्येच्या इतिहासात हा क्रम खरा आहे. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत तो असा घडून आलेला दिसत नाही. लहान उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत सर्वांत सोयीचे मानले गेलेले हत्यार म्हणजे ०.२२ इंची रिमफायर रायफल होय. येथील सामान्य शेतकऱ्याच्या शेतात ती कधी रुळलीच नाही. तीच रायफल महाराष्ट्रातील नेमबाजीच्या मैदानावर मात्र नावारूपास आली. हा विरोध कसा निर्माण झाला, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विचारास मराठी भाषेतच उपलब्ध असलेला एक भेद उपकारक ठरतो. सावज ‘टप्प्यात’ येते. तोफ ‘लांब पल्ल्याची’ असते. आणि शेजारची वस्ती ‘हाकेच्या अंतरावर’ असते. ज्या अंतरात मारा खात्रीने लागू पडतो तो टप्पा. अस्त्र जेथवर पोहोचू शकते तो पल्ला. आणि जेथवर आवाज ऐकू जातो ते हाकेचे अंतर. इंग्रजीतून आलेल्या तांत्रिक चर्चेत पहिल्या दोन कल्पनांसाठी एकाच नामाला वेगवेगळी विशेषणे जोडतात. मराठी व्यवहारात मात्र त्यांना निरनिराळे शब्द आहेत, आणि राखणीचा सर्व व्यवहार या तीन अंतरांच्या परस्परसंबंधावर उभा आहे.

१. राखणीचे मूळ साधन

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. कालव्यांचे पाणी येण्यापूर्वी खरिपात बाजरी आणि रब्बीत जोंधळा हीच येथील मुख्य पिके होती. जोंधळा चिकात आला, की कणसांवर पाखरांची धाड पडते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्यांचे थवे, चिमण्या, होले आणि पोपट हे राखणदाराचे नित्याचे वैरी. यासाठी शेतात चार मेढी रोवून माळा बांधीत आणि त्यावर उभे राहून गोफण फिरवीत. हे काम बहुधा घरातील मुले, स्त्रिया व वृद्ध यांच्याकडे असे. दोरीच्या खोबणीत बसवलेला गोफणगुंडा थव्यातील एखाद्या पाखराला लागेल, अशी अपेक्षा कोणी करीत नसे. गोफणीचा फटकारा, गुंड्याचा सणसणाट आणि राखणदाराची आरोळी यांनी थवा उठला, की काम झाले. थव्यातील दोन पाखरे मरण्याने पीक वाचत नाही. सबंध थवा उठून गेल्याने वाचते. म्हणजे गोफणीचे खरे सामर्थ्य तिच्या टप्प्यात नसून हाकेच्या अंतरात होते.

या प्रदेशास बंदुकीची ओळख शेतीमधून झाली नाही, लढाईतून झाली. शिरूर येथे इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ होता. तेथून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघालेल्या पलटणीची १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. त्या काळातील पायदळाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. सुमारे शंभर यार्डांच्या पलीकडे एकट्या माणसावर तिचा नेम धरणे व्यर्थ होते. दाट फळीवर एकदम बार काढणे हाच तिचा उपयोग. शेतकऱ्याच्या हाती पुढे आली ती याच जातीची ठासणीची बंदूक.

भाषेतही या वस्तूचा प्रवास उमटलेला आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला, आणि तेथे त्याच्या मुळाशी एका कवचाच्या फळाचा व त्यावरून गोळीचा अर्थ आहे. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे पोर्तुगिजांशी आलेल्या संबंधाचे अवशेष होत. परंतु ‘बार’ या शब्दाने नळीत भरलेली दारू आणि तिचा आवाज ही दोन्ही एकत्र दाखवली जातात : बार भरतात, आणि बार ऐकू येतो. शेतातील बंदुकीचे मुख्य कार्य काय होते, हे या एका शब्दावरून कळते. केवळ दारू ठासून काढलेला बारही राखणीस पुरत असे.

२. रिमफायर काडतुसाची मर्यादा

रिमफायर काडतुसाची रचना साधी आहे. पितळी पुंगळीच्या पेंद्याची कड पोकळ असून तीत पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. घोड्याचा आघात त्या कडेवर झाला की आतील दारू पेटते. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील फ्लोबेर याने या पद्धतीचा पाया घातला. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी ०.२२ इंची आखूड काडतूस बाजारात आणले, आणि १८८७ मध्ये त्याचे ‘लाँग रायफल’ हे आजही प्रचलित असलेले रूप सिद्ध झाले. कड चेचली जावी म्हणून पुंगळीचे पितळ पातळ ठेवावे लागते. पातळ पुंगळी फार दाब सोसू शकत नाही. त्यामुळे गोळी हलकी आणि वेग मर्यादित राहतो. गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ३३० ते ३८० मीटर असतो. आवाज थोडा, धक्का नाममात्र, आणि काडतूस स्वस्त, हे तिचे गुण होत.

या रायफलीच्या नळीत मळसूत्री आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व तिचा मार्ग स्थिर राहतो. साधारण प्रतीची रायफल व काडतुसे घेऊन बऱ्यापैकी नेमबाजाने पन्नास यार्डांवर झाडलेल्या गोळ्या दोन ते पाच सेंटिमीटरांच्या वर्तुळात पडतात. सशासारख्या लहान प्राण्याचे मर्मस्थान याहून फार मोठे नसते. पन्नास यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी शंभर यार्डांवर सुमारे पंधरा ते अठरा सेंटिमीटर खाली उतरते. आणि ताशी सोळा किलोमीटर वेगाचा आडवा वारा तिला त्याच अंतरावर दहा सेंटिमीटरांहून अधिक बाजूला ढकलतो. म्हणून लहान प्राण्यावरील तिचा खरा टप्पा पन्नास ते पाऊणशे यार्ड इतकाच समजला जातो. त्यापुढे प्राणी मरण्याऐवजी जखमी होऊन निसटण्याचा संभव वाढतो.

परंतु टप्पा संपला म्हणजे पल्ला संपत नाही. हीच गोळी वर रोखून झाडली असता दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. याउलट, गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे चाळीस यार्डांच्या आसपास विखरून निरुपयोगी होतात आणि बारीक छर्रे दोन-अडीचशे यार्डांत जमिनीवर पडतात. दोन्ही हत्यारांच्या टप्प्यांत फरक फार नाही; पल्ल्यांत मात्र कित्येक पटींचा आहे. शिरूर-दौंडचा सपाट माळ, गोळी अडवण्यास टेकडी नाही, आणि रानोरान विखुरलेल्या वस्त्या, हे भूगोलाचे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे या फरकाचे गांभीर्य कळते. माळ्यावरून खाली जमिनीकडे झाडलेली गोळी मातीत जाते; बांधावर उभे राहून कणसावरील पाखरावर झाडलेली गोळी कोणाच्या अंगणात पडेल, हे झाडणाऱ्यास सांगता येत नाही.

३. कायद्याने केलेली वाटणी

तथापि रायफल शेतात न येण्याचे कारण केवळ भौगोलिक नव्हते. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठलेला दंगा शिरूरपर्यंत पसरला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा आरंभ शिरूर तालुक्यातील धामारी येथील दरोड्याने झाला. अशा मुलखात कुणब्याच्या हाती कोणते हत्यार द्यावे, हा सरकारच्या दृष्टीने शेतीचा प्रश्न उरला नाही, तो राज्याच्या सुरक्षिततेचा झाला. कायद्याखालील नियमांत माणसांना, गुरांना व पिकांना उपद्रव देणाऱ्या पशूंच्या नाशासाठी वेगळ्या परवान्याची सोय होती. पण परवाना ही रयतेच्या विश्वासार्हतेची कसोटी बनली.

याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. दुष्काळ सरताच १८७९ मध्ये दख्खनेतील पिकांवर उंदरांनी हल्ला केला आणि सरकारला मेलेल्या उंदरांमागे बक्षिसे द्यावी लागली. हत्यारांचा कायदा नुकताच अमलात आलेला असताना पिकाचा सर्वांत मोठा शत्रू असा निघाला, की ज्याच्यावर कोणतीही बंदूक चालत नाही. बिळे खणणे, सापळे लावणे आणि काठीने मारणे हेच उपाय होते. शस्त्राच्या चर्चेत मग्न होऊन उपद्रवाचे स्वरूप विसरू नये, असा बोध या प्रसंगातून मिळतो.

स्वातंत्र्यानंतर ही वाटणी अधिक स्पष्ट झाली. ब्रिटनमध्ये बोअर युद्धाच्या काळात सामान्य नागरिकांना नेम शिकवण्यासाठी ०.२२ रायफलीचे क्लब निघाले होते; सैन्यातही प्राथमिक सरावास हीच रायफल वापरीत. भारतात १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, तेव्हा छात्रांच्या हाती सरावासाठी हीच आली. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे आद्य अध्यक्ष. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास लक्ष्यवेधासाठी ०.२२ रायफल, अशी विभागणी आढळते. ठासणीची बंदूक अपुरी ठरते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आटेदार नळीचा उल्लेख तेथे नाही. नेम क्लबाकडे आणि बार शेताकडे, असा जणू वाटणीपत्राचा मजकूर होय.

क्लबाच्या वाट्यास आलेल्या भागाचे फळ सर्वांस दिसले. पन्नास मीटरांवरील लक्ष्यात सर्वाधिक गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्या अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ससा मारण्यास जे अंतर योग्य मानले गेले, तेच येथे कौशल्याच्या कसोटीचे अंतर झाले.

४. बदललेले पीक, बदललेला शत्रू

शेताच्या वाट्यास आलेल्या भागाचा हिशेब मात्र इतका सुखद नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट पूर्ण संरक्षणाखाली आला. कावळे, वटवाघळे, उंदीर यांसारख्या जीवांची ‘उपद्रवी’ म्हणून वेगळी अनुसूची त्या अधिनियमात होती. २०२२ च्या दुरुस्तीने तीही काढून टाकली गेली, आणि एखाद्या प्राण्यास विशिष्ट प्रदेशात व मुदतीपुरते उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे राहिला. म्हणजे आता बंदूक कोणती, या प्रश्नाच्या आधी ती कोणावर रोखता येईल, हा प्रश्न उभा राहतो.

पाण्याने आणखी एक बदल घडवला. कालवे आणि धरणे यांच्या आधारे जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. न्हावरे आणि पाटस येथे साखर कारखाने निघाले. उसाच्या फडात दृष्टी दोन सऱ्यांपलीकडे जात नाही. जेथे दिसतच नाही तेथे पन्नास यार्डांच्या टप्प्याला अर्थ उरत नाही. फडात रानडुक्कर शिरते, कोल्हा शिरतो. आणि शिरूर तालुक्यात बिबट्याही त्यातच पिले वाढवू लागला आहे. पूर्वी माणूस पिकाची राखण करीत होता. रात्रीच्या पाळीने पाणी देणाऱ्या माणसाचीच राखण करण्याची वेळ आता आली आहे. त्याच्या हाती आज फटाके, कार्बाइडच्या नळीचा बार, झटका यंत्राची तार, जाळ्या आणि विजेरी आहेत. जाळी व तार वगळता ही सर्व साधने आवाजाची किंवा उजेडाची, म्हणजे गोफणीच्याच कुळातील होत.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की शस्त्राचा परिणामकारक टप्पा हा केवळ गोळीच्या वेगावर ठरत नाही. लक्ष्याचा आकार व संख्या, जमिनीचा उतार, पिकाची उंची, शेजारच्या वस्तीचे अंतर आणि राज्यसत्तेचा प्रजेवरील विश्वास, ही सर्व त्याची घटकद्रव्ये आहेत. रिमफायर रायफल शिरूर-दौंडच्या शेतात आली नाही याला मागासलेपणा म्हणणे चुकीचे ठरेल. थव्यापुढे तिचा नेम निरुपयोगी होता, उंदरापुढे ती हतबल होती आणि सपाट माळावर तिचा पल्ला धोक्याचा होता. परंतु त्याबरोबरच हेही नोंदवले पाहिजे, की शेतकऱ्याला टप्पा नाकारताना त्याच्या नुकसानीचा भार वाटून घेण्याची व्यवस्था त्याच त्वरेने उभी राहिली नाही. पंचनाम्याची वाट पाहणारा शेतकरी पीक वाचवण्यासाठी आजही आवाजावरच विसंबून आहे. राखणीच्या इतिहासकाराने बंदुकांची यादी करण्यापूर्वी, ती हाक कोठवर ऐकू जाते आणि कोणास ऐकू जाते, हे तपासावयास हवे.