कॅसेटचं सोंग

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेलो होतो. फराळाची ताटली हातात असतानाच बाबांनी विचारलं, "एवढा इंजिनिअर झालास, तर फोनमधली गाणी माझ्या गाडीच्या टेपवर लावून देशील का?"

गाडी २००४ सालची. बाबा एमआर होते. कराडहून सांगली, कोल्हापूर, कधी पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा त्यांचा दौरा असायचा. निवृत्त झाले, पण गाडी सोडली नाही. पंधरा वर्षं भरल्यावर ग्रीन टॅक्स भरून नोंदणीचं नूतनीकरण केलं आणि पाच वर्षांनी पुन्हा एकदा केलं. कारखान्यातून आलेला टेपही तोच आहे. डावीकडे आवाजाचा गोल नॉब, मधे कॅसेटचं तोंड, खाली सहा बटणं. ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, वायर खुपसायला साधं भोकही नाही.

पुण्यातल्या एका दुकानात चौकशी केली, तर तिथल्या मुलानं हसून सांगितलं, "काढून टाका ना तो. मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवून देतो." मी बाबांना त्यांच्या मित्राच्या गाडीतली तशी स्क्रीन दाखवली. आवाज कमी करायला त्यांनी बोट लावलं आणि भलताच नकाशा उघडला. "रस्त्याकडे बघू की हिच्याकडे?" एवढं म्हणून बाबा गाडीतून उतरले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नॉब ते न बघता फिरवतात. वीस वर्षांत हाताला त्याची जागा पाठ झाली आहे. अडुसष्टाव्या वर्षी घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला ते पाठांतर उपयोगाचं आहे.

म्हणजे टेप तोच ठेवायचा आणि गाणी फोनची लावायची. हे कसं करतात ते शोधायला बसलो आणि भलत्याच इतिहासात शिरलो. गाडीत संगीत कसं आलं, याचा तो इतिहास आहे. नवं तंत्र जुन्या गाडीत बहुतेक वेळा सोंग घेऊनच शिरलं आहे, हे त्यातून मला कळलं.

सुरुवात आवाजाच्या भांडणापासून झाली. १९३० साली शिकागोमध्ये पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांची छोटी कंपनी मोटारीत बसणारा रेडिओ तयार करत होती. रेडिओ बसवणं अवघड होतंच, पण खरा शत्रू होतं इंजिन. स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते तेव्हा तीही एक छोटीशी रेडिओ लहर सोडते. त्यामुळे गाण्याऐवजी इंजिनाची कडकड ऐकू यायची. ती दाबायला प्लगवर रेझिस्टर आणि वायरिंगवर कपॅसिटर बसवावे लागत. पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत असा रेडिओ बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओ व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेले. आत स्टॉल नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. पुढे कंपनीचंही तेच झालं.

रेडिओत एक अडचण होती. तो जे लावेल तेच ऐकायचं. आपल्या आवडीचं गाणं गाडीत हवं, ही हाव नंतरची. १९५६ मध्ये क्रायस्लरनं 'हायवे हाय-फाय' नावाचा रेकॉर्ड प्लेअर गाडीत दिला. तो सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांनी तयार केला होता. तबकडी मिनिटाला १६ २/३ फेरे, म्हणजे घरच्या एलपीच्या निम्म्या वेगानं फिरायची. कल्पना चांगली होती, पण घरातली एकही रेकॉर्ड त्यावर चालत नसे. त्यासाठी खास काढलेल्या तबकड्याच घ्याव्या लागत. काही वर्षांतच ते प्रकरण गुंडाळलं गेलं. मग ८-ट्रॅक आला. फोर्डनं तो १९६६च्या मॉडेलांत दिला. तो घडवणारे विल्यम लिअर तेच, ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गॅल्विन यांना मोटार-रेडिओसाठी मदत केली होती.

ही सगळी शर्यत शेवटी जिंकली एका छोट्या डबीनं. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या कारखान्यात लू ओटेन्स यांच्या गटानं कॉम्पॅक्ट कॅसेट तयार केली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती जगानं पाहिली. तिचा आवाज काही सर्वांत चांगला नव्हता. फितीची रुंदी चार मिलिमीटरही नाही आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. पण फिलिप्सनं ती इतरांना विनामूल्य बनवू दिली. अट एकच, आकार आणि माप बदलायचं नाही. त्यामुळे जपानमध्ये बनलेली कॅसेट जर्मन टेपमध्ये चालायची आणि दिल्लीत भरलेली कराडमध्ये.

आपल्याकडे १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटनं काय उलथापालथ केली, यावर पीटर मॅन्युएल या संगीत-अभ्यासकानं १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना जे गाणारे दिसत नव्हते, त्यांना कॅसेटनं बाजार दिला. बाबांपुरता याचा अर्थ साधा होता. गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि दोन दिवसांनी कॅसेट भरून घ्यायची. कोयनेकडच्या डोंगरात रेडिओ खरखरायला लागला की कॅसेट आत जायची. त्यांच्या कॅसेटवर गाण्यांची नावं नाहीत, रस्त्यांची आहेत. 'सांगली जाताना.' 'चिपळूण परत.'

मग सीडी आली, खिशात मावणारे प्लेअर आले, एमपी३ आले. गाडीतला टेप मात्र होता तिथेच राहिला, कारण गाडी कोणी दर पाच वर्षांनी बदलत नाही. इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो.

पहिलं सोंग कॅसेट अडॅप्टरचं. अमेरिकेतल्या लॅरी शॉट्झ यांना १९८८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. बाहेरून ती कॅसेटच असते, फक्त तिच्यातून एक वायर बाहेर येते. आत फीत नाही. टेपचं हेड जिथे फितीला टेकतं, नेमक्या त्या जागी दुसरं छोटं हेड असतं. वायरीतून आलेल्या गाण्याबरोबर ते आपलं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं. टेपच्या हेडला वाटतं, फीत सरकते आहे. चाकं फिरणं थांबलं तर टेप कॅसेट बाहेर फेकेल, म्हणून आत दातेरी चाकंही असतात. कशालाही न ओढणारी, नुसती फिरणारी.

दुसरं सोंग एफएम ट्रान्समीटरचं. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारं हे यंत्र म्हणजे दोन-चार मीटरचं आकाशवाणी केंद्र. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळाली ती रेडिओतली खरखर घालवण्यासाठी. याच्यात मात्र खरखर हमखास परत येते. पुण्यात मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी खंबाटकी घाट ओलांडला की मोकळी राहीलच असं नाही. बाबांना मी आधी हाच घेऊन दिला होता. एका फेरीनंतर तो हातमोजे ठेवायच्या कप्प्यात गेला.

तिसरं सोंग सर्वांत हुशार. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत सीडी चेंजर डिकीत असायचा आणि पुढच्या स्टिरिओशी एका केबलनं बोलायचा. स्टिरिओ म्हणायचा, दुसरी सीडी, पाचवं गाणं. चेंजर उत्तर द्यायचा, लावलं. काही खटपट्या लोकांनी हा संवाद चोरून ऐकला, त्याची भाषा ओळखली आणि तीच उत्तरं देणारे छोटे डबे बनवले. स्टिरिओ समजतो डिकीत सहा सीडी आहेत. प्रत्यक्षात तिथे ब्लूटूथची चिप असते. स्टिअरिंगवरचं 'पुढचं गाणं' हे बटण दाबलं की डबा तो निरोप फोनच्या भाषेत पोचवतो.

ब्लूटूथचा जन्म १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंडचा, एरिक्सन कंपनीतला. याप हार्ट्सन हा डच अभियंता त्यावर काम करत होता. फोन आणि हेडसेटमधली वायर काढून टाकणं हा हेतू. संगीताचा त्यात फारसा विचार नव्हता. गाणं नीट पाठवायचं कसं, याचा करार २००३ मध्ये झाला. ए२डीपी हे त्याचं नाव. म्हणून त्या काळातल्या काही महागड्या गाड्यांमध्ये ब्लूटूथ असूनही फक्त फोन येतो, गाणं येत नाही. आयफोनलाही वायरीविना गाणी पाठवणं २००९ मध्ये जमलं. आणि २०१६ मध्ये त्याच आयफोननं हेडफोनचं भोकच बुजवलं. म्हणजे ज्यांनी अडॅप्टरची वायर जपून ठेवली होती, त्यांच्या वायरीचं दुसरं टोक बेघर झालं.

मी ऑफिसात जो कोड लिहितो, त्यात जुन्या आणि नव्या प्रणालींमध्ये बसणाऱ्या तुकड्यालाही अडॅप्टरच म्हणतात. जुन्याला हात लावायचा नाही, त्याला हवं तसं बोलायचं आणि काम करून घ्यायचं. हे सगळे डबे पाहताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

बाबांच्या टेपसाठी मी चौथा मार्ग धरला. टेप बाहेर काढला. तो १८० बाय ५० मिलिमीटरच्या ठरलेल्या खाचेत बसलेला असतो, त्यामुळे दोन पट्ट्या सरकवल्या की निघतो. आत हेडकडून आलेला क्षीण आवाज वाढवणारी एक चिप असते आणि तिथून तो आवाज नॉबकडे जातो. त्या वाटेवर मी एक छोटा स्विच बसवला. एका बाजूला खरी कॅसेट, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथची चिप. आत कॅसेट असल्याशिवाय टेप ती वाट उघडतच नाही. म्हणून एक कॅसेट आत घालायची, ती मुकी फिरत राहील आणि तिच्या जागी फोन गाईल.

गाडी सुरू केली. गाणं लागलं आणि त्याच्याबरोबर एक बारीक शिट्टीही. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. बाबा म्हणाले, "हे काय, इंजिन गायला लागलं?" चूक माझी होती. चिपची वीज आणि गाण्याची वायर दोन्हीकडून जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडली होती. त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरची थरथर गाण्यात घुसत होती. १९३० मध्ये गॅल्विन बंधू ज्याच्याशी झगडले, त्याच्याच भावकीतला हा भूत. गाण्याच्या वाटेवर छोट्या ट्रान्सफॉर्मरची जोडी बसवली. त्यातून गाणं चुंबकत्वानं पलीकडे जातं आणि तारेला तार जोडलेली नसते. शिट्टी गेली. यात माझे दोन रविवार गेले आणि एक जुना सोल्डरिंग गन कामी आला.

काम झाल्यावर डोक्यात एक खडा राहिला. ही सगळी सोंगं चालली, कारण जुन्या टेपनं आत येणाऱ्याला कधी ओळखपत्र मागितलं नाही. आकार बसतो का, एवढंच पाहिलं. आताच्या गाडीतली स्क्रीन गाणी लावते, तीच एसी चालवते, तीच मागचा कॅमेरा दाखवते. अनेक गाड्यांत तिच्या सॉफ्टवेअरवर डिजिटल सही असते आणि सही नसलेलं काही आत येत नाही. याला कारणही आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक यांनी जीप चेरोकीच्या करमणुकीच्या यंत्रणेतून दुरून आत शिरून धावत्या गाडीचा ताबा घेऊन दाखवला. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. अशा सह्या तपासणारा कोड मी स्वतः लिहिला आहे आणि उद्याही लिहीन. कुलूप चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी नेटवर्क बंद झाली, तेव्हा अनेक गाड्यांतल्या ऑनलाइन सोयी कायमच्या गेल्या, आणि बाहेरून कुणाला तिथे सोंग घेऊन शिरणं सोपं नव्हतं. गाडी वीस वर्षं टिकते, फोन तीन-चार वर्षं. ज्याचं आयुष्य मोठं, त्याच्यात एक तरी साधं, बिनकुलपाचं दार ठेवायला हवं. ब्रेकपासून लांब, फक्त गाण्यापुरतं.

मुकं फिरायला कोणती कॅसेट द्यायची, हे बाबांवर सोडलं. त्यांनी 'चिपळूण परत' काढली. फीत झिजून तिचा आवाज कधीच गेला होता. "ही कशीही वाजत नाही, फिरू दे," म्हणाले.

परवा त्यांच्याबरोबर पाटणपर्यंत जाऊन आलो. त्यांनी कॅसेट आत ढकलली, फोन खिशातच होता, आणि रस्त्यावरची नजर न हलवता नॉब थोडा डावीकडे फिरवला. अर्ध्या तासानं कॅसेटची एक बाजू संपली. टेपनं खट् करून ती उलट फिरवायला घेतली. गाणं चालूच होतं.