संयुक्त विधायक दल, मध्य प्रदेश
मध्य प्रदेशात जुलै १९६७ ते मार्च १९६९ या काळात भोपाळ येथून कारभार पाहणारी बिगर-काँग्रेस आघाडी. १९६७ च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने २९६ पैकी १६७ जागा जिंकल्या. तथापि मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याविषयीच्या नाराजीतून ३६ आमदारांनी पक्षांतर, म्हणजे निवडून आलेल्या पक्षाचा त्याग केला आणि सरकार कोसळले. ग्वाल्हेरच्या मराठा राजघराण्यातील राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या नेतृत्वाखाली जनसंघादी विरोधक व पक्षांतरित एकत्र आले आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले.

पक्षांतरितांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या या आघाडीत मंत्रिपद हेच निष्ठेचे मोल ठरले. पुढे सिंह स्वगृही, म्हणजे काँग्रेसमध्ये परतले, त्यांच्यानंतरचे राजा नरेशचंद्र सिंह यांचे मंत्रिमंडळ सुमारे पंधरवडाच टिकले आणि मार्च १९६९ मध्ये श्यामाचरण शुक्ल यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली.

तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील पक्षांतरविषयक समितीस मध्य प्रदेशासह सात राज्यांतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाल्याचे आढळले. पक्षांतर करणाऱ्यास अपात्र ठरविणारी संविधानाची दहावी अनुसूची १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने अस्तित्वात आली, तर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सामान्यतः सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला.