जुन्या इन्स्टॉलरांचे पुनर्वेष्टन : एका कार्यालयीन तंत्राचा इतिहास

संगणकाच्या इतिहासकारांचे लक्ष यंत्रांकडे व सॉफ्टवेअरकडे जितके गेले, तितके सॉफ्टवेअर यंत्रावर बसविण्याच्या कामाकडे गेलेले नाही. एका यंत्रापुरते हे काम क्षुल्लक होय. परंतु शेकडो यंत्रे असलेल्या कार्यालयात ते प्रशासनाचा प्रश्न होऊन बसते. प्रस्तुत टिपणात विंडोज प्रणालीपुरताच त्याचा विचार करावयाचा आहे.

१९९० नंतरच्या दशकात बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर ‘सेटअप’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम येई. तो परवाना-क्रमांक विचारी, फोल्डर विचारी आणि बटण दाबले जाण्याची वाट पाही. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हरमुळे १९९४ पासून असे संच जाळ्यावरून दूरच्या यंत्रांकडे धाडण्याची सोय झाली; पण तेथे उत्तरे देण्यास कोणी बसलेले नसे. काही सेटअप मुकाट्याने चालत, अनेक चालत नसत.

यातून पुनर्वेष्टनाची रीत रूढ झाली. एक कोरे यंत्र घ्यावयाचे, त्यातील फाइली व रजिस्ट्री यांची नोंद करावयाची, सेटअप चालवावयाचा व पुन्हा नोंद करावयाची. दोन नोंदींतील फरक हाच नवा संच. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला व त्याच्या एमएसआय संचात आज्ञांची जागा तक्त्यांनी घेतली. विंडोज २००० च्या ग्रुप पॉलिसीतून यंत्रांवर सक्तीने बसवावयाचा संच एमएसआय असणे अवश्य होते. म्हणून त्या सर्व्हरच्या सीडीवर व्हेरिटासचे विनइन्स्टॉल एलई हे पुनर्वेष्टनाचे साधनही देण्यात आले होते.

पुनर्वेष्टनास जुन्या संचाचे भाषांतर म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. नोंद होते ती परिणामाची. त्यामागील अटींची नव्हे. मूळ सेटअप विंडोजची आवृत्ती पाहून दोन फाइलींपैकी एक निवडीत असेल, तर नव्या संचात त्या कोऱ्या यंत्रावर निवडलेली तेवढीच उरते. सामायिक डीएलएल तेथे आधीच असेल, तर ती फरकात उमटतच नाही, आणि ती नसलेल्या यंत्रावर सॉफ्टवेअर अडते. उलट, त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेने लिहिलेली नोंद मात्र संचात शिरते. (एकाच प्रतीवरून ग्रंथाची संहिता सिद्ध करणाऱ्यांस ही अडचण नवी वाटू नये.)

एमएसआय संचाचेच पुनर्वेष्टन करू नये, असे मायक्रोसॉफ्टने बजावले ते याच जातीच्या कारणाने : घटकांचे ओळख-क्रमांक बदलले की उत्पादकाच्या पुढील दुरुस्त्या लागू पडत नाहीत. तेथे ट्रान्सफॉर्म हा वेगळा मार्ग होता.

२०१८ मध्ये एमएसआयएक्स हा नवा प्रकार आला. त्याचे वेष्टन-साधनही जुना इन्स्टॉलर चालू असता यंत्रावरील बदल टिपते, आणि त्यापूर्वी विंडोज अपडेट व सर्च या सेवा बंद करण्यास सुचविते.