उन्हाचा ताप आणि औषधाचा ताप

खानदेशात वैशाखातल्या तापाचे कारण बहुधा विचारले जात नाही. ऊन लागले, एवढे पुरते. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला असता दुसरे कारण कोणी शोधावे? तथापि मनोविकारावरील औषधांच्या इतिहासात या उत्तराआड दडू शकेल असा एक जीवघेणा ताप आहे. तो विरळा आहे, आणि म्हणूनच तो ओळखायचा राहून जातो.

१९५२ मध्ये पॅरिसला दले आणि दनिकेर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिनचा उपयोग केला. साखळदंडांचे युग सरू लागले म्हणून या घटनेचा गौरव होतो, आणि तो अनाठायी नाही. पण त्याच दले यांनी सहकाऱ्यांसह १९६० मध्ये हॅलोपेरिडॉलविषयी लिहिताना या तापाची नोंद केली, ते पान गौरवगाथेत सहसा येत नाही.

त्याची किल्ली एका अर्थी आपल्या सर्पगंधेने दिली. १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी तिच्यातील रिसर्पिन प्राण्यांना दिले. प्राणी निश्चल झाले, आणि डोपामाइनचे पूर्वद्रव्य देताच हलू लागले. क्लोरप्रोमाझिन-हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरील औषधे मेंदूतील याच डोपामाइनचे कार्य रोखतात. क्वचित हा अडथळा बेसुमार ठरतो. स्नायू लोखंडी नळीसारखे ताठरतात, उष्णतेचे नियमन ढासळते, घाम फुटतो, नाडी धावते, रक्तदाब वरखाली होतो. रोगी भ्रमतो किंवा मुका होतो. झिजलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात साचून लघवी काळपट होते. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर बहुधा दोन आठवड्यांत हे घडते. ते औषध तत्काळ थांबवणे, शरीर थंड करणे, शिरेतून द्रव देणे, हे सारे रुग्णालयातच व्हावे लागते.

उष्माघातात त्वचा बहुधा कोरडी आणि अंग सैल असते. इथे अंग ताठ आणि घामेजलेले. भेद पुस्तकात स्पष्ट आहे, खाटेपाशी तितका नाही, कारण हीच औषधे शरीराची ऊन सोसण्याची शक्तीही घटवतात.

ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही शासकीय मनोरुग्णालयांची जुनी नावे; त्यांत जळगाव वा धुळे नाही. गोळ्या दुरून येतात, ताप मात्र गावातल्या डॉक्टरपुढे येतो. वेडाची लाज एवढी की घरचे त्या गोळ्यांचे नावही काढत नाहीत. आणि रोग्याची वाचा तर आधीच बसलेली असते.