न दिसणारा नवरदेव

‘संगीत सौभद्र’ मी पहिल्यांदा पाहिलं ते गावच्या उत्सवात, आठ-नऊ वर्षांची असताना. आजीला खेटून बसले होते. नारद येऊन गेला, कृष्ण आला, बलराम तावातावाने बोलून गेला, घटोत्कच आला तेव्हा पुढे बसलेली पोरं किंचाळली. मी मात्र एकाच माणसाची वाट पाहत होते. सुभद्रेचं लग्न ज्याच्याशी ठरलंय तो दुर्योधन कधी येणार? शेवटी न राहवून आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘तो येत नाही गं. तो येऊ नये म्हणून तर सगळं नाटक आहे.’’

त्यानंतर ‘सौभद्र’ कितीतरी वेळा पाहिलं. पदं पाठ झाली, नट बदलले, पाच अंकांचे तीन झाले. पण तो विंगेतला नवरदेव काही मनातून गेला नाही. हे नाटक त्याच्यामुळे घडतं. त्याचं नाव ऐकून अर्जुन व्याकूळ होतो, सुभद्रा रडते, कृष्ण एकामागून एक डाव टाकतो. आणि त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही! तो कोण, कसा, आणि बलरामासारख्या सरळ माणसाला त्याचा इतका लळा का, हे नाटक सांगत नाही. पुराणांमध्ये याचे धागे विखुरलेले आहेत. ते गोळा करून या नवरदेवाची मागची गोष्ट जुळवून पाहावी, असं मला अनेक वर्षं वाटत होतं. धागे ग्रंथांतले आहेत. गाठी मात्र माझ्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं आश्चर्य हे, की महाभारताच्या मूळ सुभद्राहरणात हा नवरदेव नाहीच. आदिपर्वात अर्जुन वनवासात फिरत फिरत प्रभासक्षेत्री येतो, रैवतक पर्वताच्या उत्सवात सुभद्रेला पाहतो आणि मोहित होतो. कृष्ण त्याला सल्ला देतो तो सरळ पळवून नेण्याचा. कारण काय, तर स्वयंवर भरवलं तर मुलीच्या मनात काय येईल याचा नेम नाही! म्हणजे सुभद्रेला काय हवं हा प्रश्न तिथे विचारला तर जात नाहीच, उलट तो टाळण्यासाठी हरण करायचं. बलराम चिडतो, पण तो पाहुण्याने केलेल्या आगळिकीमुळे. दुसऱ्या कोणाला दिलेला शब्द मोडला, म्हणून नव्हे.

दुर्योधन या गोष्टीत दिसतो तो भागवताच्या दशम स्कंधात. तिथे बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची असते आणि घरातल्या इतरांना ते पसंत नसतं. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत पावसाळ्याचे चार महिने राहतो. बलराम त्याला ओळखत नाही, उलट घरी बोलावून जेवू घालतो. आणि तिथेच आणखी एक गोष्ट घडते. अर्जुनाला सुभद्रा आवडते, तसा सुभद्रेलाही अर्जुन आवडतो, असं भागवत स्पष्ट सांगतं. मला हा योगायोग वाटत नाही. नको असलेला नवरा गोष्टीत आला, तेव्हाच मुलीला कोण हवा आहे याला गोष्टीत जागा झाली.

मग हाच दुर्योधन का? त्याचा धागा सापडतो तो आपल्या फार ओळखीच्या कथेत. गणेश चतुर्थीला आपण स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकतो. चंद्रदर्शनामुळे कृष्णावर चोरीचा आळ आला, जांबवंताकडून मणी आणून त्याने तो दूर केला. गोष्ट आपण तिथेच थांबवतो. विष्णुपुराणात आणि भागवतात ती पुढे जाते. लाक्षागृह जळाल्याची बातमी येते. पांडव गेले असं ऐकून कृष्ण आणि बलराम हस्तिनापूरला जातात. इकडे शतधन्वा सत्राजिताला मारून मणी लांबवतो. दोघे भाऊ त्याचा पाठलाग करतात. मिथिलेजवळ कृष्ण त्याला ठार करतो, पण मणी त्याच्यापाशी नसतो, कारण त्याने तो आधीच अक्रूराकडे ठेवलेला असतो.

विष्णुपुराण सांगतं, की बलरामाचा कृष्णावर विश्वास बसला नाही. मणी यानेच दडवला असं त्याला वाटलं. तो भावाला सोडून मिथिलेला गेला आणि तीन वर्षं जनकाच्या घरी राहिला. त्या काळात त्याच्याकडे गदायुद्ध शिकायला जो शिष्य आला, त्याचं नाव दुर्योधन.

हे वाचलं तेव्हा मला विंगेतला तो माणूस पहिल्यांदा दिसला. सख्ख्या भावाचा भरवसा वाटेनासा झालेला एक मोठा भाऊ परगावी राहिला आहे. अशा वेळी हस्तिनापूरचा एक तरुण राजपुत्र येतो, पायाशी बसतो, सांगितलेलं ऐकतो, घाम गाळून विद्या शिकतो. ज्या लाक्षागृहाचा शोक करायला बलराम गेला होता, ते जाळण्याचा डाव याच शिष्याचा होता हे त्याला ठाऊक होतं का? ग्रंथ सांगत नाहीत. ठाऊक नसावं असं मला वाटतं. बलरामाने गुरूच्या नजरेने जेवढं पाहिलं तेवढं खोटं नव्हतं. दुर्योधनाचं गदेतलं कसब खरं होतं, गुरूवरची निष्ठाही खरी होती. पुढे बहिणीचं लग्न काढायची वेळ आली, तेव्हा त्याला आठवला तो हा मुलगा. आपल्याकडेही कितीतरी लग्नं अशीच ठरली आहेत. मुलाने वडीलधाऱ्यांचा चांगला पाहुणचार केला, की ‘स्थळ उत्तम आहे’!

पुराणांच्या कालगणना एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत, म्हणून हा इतिहास आहे असा माझा दावा नाही. पण ही मागची गोष्ट मनात ठेवून ‘सौभद्र’ पाहिलं, की बलराम बदलतो. एरवी आपण त्याच्या भोळेपणाला हसतो. खरं तर कृष्ण आपल्यापासून काहीतरी लपवतो ही शंका त्याने एकदा घेतली होती आणि ती खोटी ठरली होती. म्हणून या वेळी तो शंका घेत नाही. आणि नेमका याच वेळी कृष्ण खरोखर लपवतो! नाटकातलं भांडण अर्जुन आणि दुर्योधन यांच्यात नाहीच. ते दोन भावांमधलं आहे, म्हणून नवरदेवाला रंगमंचावर यायची गरज पडत नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी कथा घेतली ती भागवताच्या वळणाची. ऐन लग्नाच्या तोंडावर सुभद्रेला पळवायला त्यांनी घटोत्कच आणला. त्याचं मूळ मला वत्सलाहरणाच्या लोककथेत दिसतं. तिथेही बलरामाला आपली मुलगी कौरवांकडे द्यायची असते. दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण हा तिथला नवरा असतो आणि घटोत्कचच ते लग्न उधळून लावतो. एका पिढीची गोष्ट दुसऱ्या पिढीत अशी मिसळली.

नाटकाचे पहिले तीन अंक पुण्यात 18 नोव्हेंबर 1882 रोजी झाले. सुभद्रेचं काम करायचे भाऊराव कोल्हटकर. हे साल लक्षात घ्या. याच 1882 मध्ये ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध छापला गेला. याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. दोनच वर्षांनी मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं म्हणणारी ती तरुणी. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जाण्याचा हुकूम केला, नाहीतर सहा महिने कैद. तेव्हा तिने कैद पत्करायची तयारी दाखवली.

किर्लोस्करांनी सुधारणेचं नाटक लिहिलं असं मला म्हणायचं नाही. त्यांनी लोकांना आवडेल असं गोड नाटक लिहिलं. पण मोठ्या भावाने ठरवलेलं स्थळ मुलीला नको आहे, आणि प्रेक्षक पाचही अंक मुलीच्या बाजूने आहेत, हे त्या पुण्यात घडत होतं. त्यातल्या पुष्कळांनी घरी जाऊन आपल्या आठ-दहा वर्षांच्या लेकीचं लग्न तिला न विचारताच ठरवलं असेल. नाटकात जे सोसवतं ते घरात सोसवतंच असं नाही.

दुर्योधन रंगमंचावर आला असता, तर काय झालं असतं? मुकुट घातलेला, भरदार आवाजाचा एक राजा समोर उभा राहिला असता. आपण त्याला तोलून पाहिलं असतं, हा बरा की तो बरा? आणि खरं सांगायचं तर फार फरक निघाला नसता. अर्जुनाच्याही आधीच्या बायका होत्या, द्रौपदी, उलूपी, चित्रांगदा. न दिसल्यामुळे तो तुलनेतून सुटला आणि सुभद्रेचं म्हणणं तेवढं उरलं. तो वाईट आहे म्हणून नको असं नाही, मला नको म्हणून नको.

गोष्टीचा शेवट नाटकात गोड आहे. महाभारतात तो तेराव्या दिवशी चक्रव्यूहात होतो. सुभद्रेच्या अभिमन्यूने दुर्योधनाच्या लक्ष्मणाला मारलं आणि त्याच दिवशी अभिमन्यूही पडला. अठराव्या दिवशी भीमाने मांडीवर गदा मारून दुर्योधनाला पाडलं, तेव्हा नांगर उगारून धावून आला तो बलराम. शिष्यावरचा त्याचा जीव शेवटपर्यंत तसाच राहिला.

आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. पुढे एकदा मी तिला विचारलं, ‘‘आजोबांना तू आधी पाहिलं होतंस?’’ ती म्हणाली, ‘‘अंतरपाट खाली आला तेव्हा पाहिलं. तेही नीट नाही, मान खाली होती.’’ माझे आजोबा भले गृहस्थ होते, तिचा संसार चांगला झाला. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, दुर्योधन येत नाही हे तिने त्या रात्री मला इतक्या समाधानाने का सांगितलं असेल? न पाहिलेला नवरदेव म्हणजे काय, हे त्या मांडवात माझ्याहून तिलाच जास्त ठाऊक होतं.