समतल म्हणजे कशाशी सम?

रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली बांधून पूर्ण झाला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. १९१६ मध्ये इथेच त्याचा अंत झाला. जांभ्या दगडाच्या या वास्तूच्या अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडी खिडक्या आजही लक्ष वेधून घेतात. पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले ते १९१४ मध्ये. त्यामुळे काँक्रीटच्या जमिनीवर लाकडी फरशी ही जोडी कोकणात तशी नवीच. पूर्वी खाली चोपून सारवलेली मातीची जमीन असे आणि माडीवर तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. मातीची जमीन थोडी उंचसखल असली तरी चाले. माडीवर तुळई कमीजास्त झाली, तर सुतार पाचर मारून ती जुळवून घेई.

काँक्रीटवर थेट लाकूड बसवायचे तर ही सवलत राहत नाही. खाली खळगा असेल तर पट्टी पावलागणिक लवते, कुरकुरते आणि शेवटी सांधे उघडतात. म्हणून दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर कुठेही ठेवली, तरी तिच्याखाली साधारण तीन मिलिमीटरहून जास्त फट नसावी, अशी अपेक्षा असते. उंचवटे घासून काढतात, खळगे भरतात. याला आपण जमीन ‘समतल’ करणे म्हणतो. पण समतल म्हणजे कशाशी सम?

या एका शब्दात दोन कल्पना दडलेल्या आहेत. घराच्या पडवीला पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून उतार देतात. अशी पडवी सपाट असते, पण समपातळीत नसते. सपाटपणाची तुलना सरळ रेषेशी होते, तर समपातळीची स्थिर पाण्याशी. दोन्हींचा इतिहासही वेगवेगळा आहे.

पाण्याचा इतिहास जुना. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात शंकूची सावली मोजण्यासाठी दगडाचा किंवा कठीण गिलाव्याचा पृष्ठभाग पाण्याच्या साहाय्याने सम करून घ्यायला सांगितले आहे. रोमन स्थपती विट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वीस फुटी लाकडी साधनाचे वर्णन केले. त्याला ओळंबे टांगलेले असत; वाऱ्याने ते हलू लागले, तर वरच्या पन्हळीत पाणी भरून पातळी पाहायची. १६६१ च्या सुमारास फ्रान्समध्ये तेव्हनो याने द्रव आणि हवेचा बुडबुडा बंद नळीत कोंडला. गवंड्याच्या हातातली पाणसळ ती हीच. तिची नळी किंचित वक्र असते. वक्रतेची त्रिज्या दोन मीटर असेल, तर मीटरमागे एक मिलिमीटर उताराला बुडबुडा दोन मिलिमीटर सरकतो.

मात्र स्थिर पाणी सपाट नसते. ते पृथ्वीच्या गोलाईप्रमाणे वळते. एक किलोमीटरवर हा फरक सुमारे आठ सेंटिमीटर होतो, म्हणून सर्वेक्षकाला तो विसरता येत नाही. पाच मीटरच्या खोलीत तो मिलिमीटरच्या सुमारे दोन सहस्रांश भरतो. सुताराने तो खुशाल सोडून द्यावा.

सपाटपणाला पाणी लागतच नाही. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट धातुपृष्ठ घडवण्याची रीत मांडली. दोन पृष्ठे एकमेकांवर घासली, तर एक फुगीर आणि दुसरे खोलगट होऊनही नेमकी जुळू शकतात. तिसरे घेऊन आळीपाळीने तिन्ही जोड्या जुळवल्या, की ही लबाडी उघडी पडते. तिन्ही एकमेकांशी जुळायची तर ती सपाटच असावी लागतात.

आज जमिनीवर ओतला जाणारा, स्वतःच पसरणारा सिमेंटचा मसाला पुन्हा द्रवाच्याच गुणाचा उपयोग करतो. एरवी सिमेंटचे कण पाण्यात गुठळ्या करतात. जपान व जर्मनीत १९६० च्या दशकात विकसित झालेल्या रसायनांमुळे कण एकमेकांना दूर लोटतात. मग थोड्या पाण्यातही मसाला वाहतो, खळगे भरतो आणि मग घट्ट होतो. पण त्यातले पाणी वाळावेच लागते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर त्याला वेळ द्यायलाच हवा. प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून थेंब जमले, तर जमीन ओली आहे आणि तिच्यावर लाकूड फुगेल. थेंब नाहीत एवढ्यावरून मात्र ती पूर्ण वाळली असे धरू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी दहा मीटर पारदर्शक नळी पुरे. ती पाण्याने भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. नळीची दोन्ही तोंडे उघडी ठेवून पाण्याची पातळी चारही भिंतींवर खुणा करून घ्या. समोरासमोरच्या खुणांमध्ये दोरा ताणा आणि दर अर्ध्या मीटरवर दोऱ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मुलांना मोजायला सांगा. आकडे चौकटीच्या कागदावर मांडले, की वर्गाच्या जमिनीचा नकाशा तयार होतो. मग विचारा: आपली जमीन सपाट आहे, समपातळीत आहे, की दोन्ही नाही?