नावासाठी राखलेला देह

बडोद्याच्या सयाजीबागेत, विश्वामित्री नदीच्या काठी, महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आहे. त्याची स्थापना 1887 मध्ये झाली आणि 1894 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. प्रजेला घरबसल्या जगाचे ज्ञान व्हावे या हेतूने या द्रष्ट्या मराठी राजाने देशोदेशींच्या वस्तू येथे जमविल्या. त्यांत इजिप्तमधील एक ममीही आहे. नील नदीच्या काठी जगलेले एक माणूस आज विश्वामित्रीच्या काठी विसावले आहे. कोलकाता, जयपूर, हैदराबाद आणि लखनौ येथील संग्रहालयांतही अशा ममी आहेत.

प्राण गेल्यावर देह अग्नीच्या स्वाधीन करावा, अस्थी नदीत सोडाव्यात आणि पंचमहाभूतांचे देणे त्यांना परत करावे, ही आपली रीत. गीतेने देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या प्रेक्षकाला त्या काचपेटीपुढे प्रश्न पडतो, की टाकून द्यावयाचे वस्त्र हजारो वर्षे जपण्याचा हा खटाटोप कशासाठी?

त्याचे उत्तर प्राचीन इजिप्तच्या जीवनश्रद्धेत आहे. माणूस म्हणजे केवळ देह आणि आत्मा अशी दुहेरी कल्पना तेथे नव्हती. ‘का’ ही जीवनशक्ती, ‘बा’ हे मानवी मुखाच्या पक्ष्याच्या रूपात संचार करणारे तत्त्व, छाया, हृदय आणि नाव अशी माणसाची अनेक अंगे मानली जात. ‘बा’ दिवसा बाहेर विहार करी आणि रात्री देहाकडे परत येई. देहच नष्ट झाला, किंवा ओळखू येईनासा झाला, तर परतावे कोठे? म्हणून देह राखणे म्हणजे त्या पाखराचे घरटे राखणे होते. नावाचेही तसेच. ज्याचे नाव उच्चारले जाते तो जगतो, अशी त्यांची दृढ समजूत होती. थडग्याच्या भिंतीवर, शवपेटीवर, ताइतांवर मृताचे नाव पुनःपुन्हा कोरले जाई, ते यासाठीच.

या श्रद्धेला ओसायरिसच्या कथेचा आधार होता. बंधू सेथ याने ओसायरिसला ठार केले. पत्नी आयसिसने त्याचा देह पुन्हा सिद्ध केला आणि तो परलोकाचा राजा झाला. प्रत्येक मृताला ओसायरिसच्या वाटेने जावयाचे होते. त्याच्या दरबारात मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याची देवता मात हिचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले जाई. पापाने जड झालेले हृदय अम्मित ही राक्षसी गिळून टाकी आणि तो माणूस कायमचा संपे. इजिप्तच्या माणसाला खरे भय होते ते या दुसऱ्या मृत्यूचे.

देह टिकविण्याचा पहिला धडा मात्र निसर्गानेच दिला. आरंभीच्या काळात मृतास वाळवंटात उथळ खड्डा करून पुरत. तापलेली कोरडी वाळू देहातील पाणी शोषून घेई आणि देह सुकून टिके. गेबेलेन येथे सापडलेला, सुमारे 5400 वर्षांपूर्वीचा असा एक देह ब्रिटिश संग्रहालयात आहे. पुढे प्रतिष्ठितांसाठी लाकडी पेट्या आणि बांधीव थडगी आली. देहाचा मान वाढला, पण वाळूचा स्पर्श तुटला आणि देह कुजू लागला. वाळू जे सहज करीत होती ते हाताने करणे भाग पडले, आणि त्यातून या शास्त्राची वाढ झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या विधीला साधारण 70 दिवस लागत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. नाकावाटे आकडा घालून मेंदू काढला जाई. विचाराचे स्थान हृदय आहे अशी समजूत असल्याने मेंदूची किंमत नव्हती. डाव्या कुशीला धारदार दगडाने छेद देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी बाहेर काढीत. हृदय मात्र जागीच ठेवीत, कारण परलोकातील न्यायाच्या वेळी तेच साक्षीदार! काढलेले अवयव सुकवून चार कलशांत ठेवले जात. होरसचे चार पुत्र त्यांचे रक्षक. पुढच्या काळात या कलशांची झाकणे माणूस, वानर, कोल्हा आणि ससाणा यांच्या मुखांची असत.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा सुकविण्याचा. त्यासाठी ‘नॅट्रॉन’ नावाचा नैसर्गिक क्षार वापरीत. तो वादी नत्रून या खोऱ्यातील सरोवरांच्या काठी मिळे. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांचे ते मिश्रण. म्हणजे आपल्या पापडखाराचा जवळचा आप्तच. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरातही याच जातीचे क्षार आहेत आणि पूर्वी ते गोळा केले जात. कोकणातील घरात मासळी खारवताना जे तत्त्व वापरले जाते तेच येथे होते. क्षार पाणी ओढून घेतो आणि पाणी नसले की कुजविणारे जंतू वाढत नाहीत. सुमारे 40 दिवस देह या क्षारात झाकून ठेवीत. 1994 मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी देहदान केलेल्या एका व्यक्तीच्या मृतदेहावर, वादी नत्रूनमधूनच आणलेला क्षार वापरून हा विधी केला आणि तो यशस्वी झाला.

सुकलेल्या देहाला तेले आणि राळ लावून तो जवसाच्या धाग्यांच्या तलम पट्ट्यांत गुंडाळीत. थरांमध्ये ताईत ठेवीत. शेवटी ‘मुखोद्घाटना’चा विधी होई. त्यामुळे मृतास पुन्हा खाता, बोलता, श्वास घेता येतो असे मानीत.

या विधीसाठी लागणारी द्रव्ये दूरदेशांहून येत. इसवी सनापूर्वी 1213 मध्ये मरण पावलेल्या दुसऱ्या रामेसिसच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली. ती दक्षिण भारतातून गेली असावी. साक्कारा येथे 2016 मध्ये सापडलेल्या देहसंस्कारशाळेतील भांड्यांच्या तपासणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत आग्नेय आशियातील झाडांची राळही आढळली.

हे भाग्य सर्वांचे नव्हते. हेरोडोटसने खर्चानुसार तीन प्रकार सांगितले आहेत. गरिबाच्या वाट्याला जुजबी संस्कार आणि पुष्कळदा पूर्वीसारखी वाळूच येई. विशेष हे, की त्या वाळूनेही अनेकांना उत्तम राखले.

हिमालयाची थंडीही हेच काम करते. झिरकपूरहून शिमल्याकडे चढणारा महामार्ग पुढे किन्नौरमार्गे स्पीतीच्या खोऱ्याकडे नेतो. तेथील ग्यू गावात सांघा तेनझिन या बौद्ध भिक्षूचा सुमारे 500 वर्षांपूर्वीचा देह बसलेल्या स्थितीत आहे. 1975 च्या भूकंपानंतर तो उघडकीस आला. त्यावर ना शस्त्र चालले, ना क्षार लावला गेला. थंड, कोरड्या हवेने तो राखला. गावकऱ्यांच्या लेखी ती प्रेक्षणीय वस्तू नव्हे; तो त्यांचा पूज्य लामा आहे, आणि त्याला नाव आहे.

इजिप्तच्या मृतांना हा मान पुढे लाभला नाही. ‘ममी’ हा शब्दच गैरसमजातून आला. फारसीत ‘मूम’ म्हणजे मेण. त्यावरून ‘मूमिया’ हे एका डांबरासारख्या औषधी द्रव्याचे नाव पडले. काळ्या पडलेल्या राळेमुळे हे देह त्याच द्रव्याने भरलेले आहेत असे समजून युरोपात शतकानुशतके त्यांची पूड औषध म्हणून विकली गेली. चित्रकारांचा तपकिरी रंगही तिच्यापासून बनला. ज्यांनी नाव टिकावे म्हणून एवढा खर्च केला, त्यांतील असंख्यांची नावे कायमची पुसली गेली.

परंतु शास्त्राची दृष्टी बदलत आहे. 2012 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश संग्रहालयाकडून नेस्पेरेन्नुब या कर्नाकच्या पुजाऱ्याची ममी प्रदर्शनासाठी आली होती. सुमारे 2800 वर्षे गुंडाळलेल्या पट्ट्या न सोडता, क्ष-किरणांवर आधारित सीटी स्कॅनने तिचे अंतरंग पाहण्यात आले. डोक्यामागे एक मातीचे भांडे राळेने चिकटलेले दिसले. संस्कार करणाऱ्याच्या हातून ते तेथे राहून गेले असावे. ‘ममी’ या सामान्यनामाच्या आतून एक नाव असलेला माणूस आणि त्याच्यासाठी राबणारा कारागीर, दोघेही मुंबईकरांना भेटले.

ऑगस्ट 2020 मध्ये जयपुरात अतिवृष्टीने अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून ‘तुतू’ या स्त्रीच्या ममीला सुरक्षित जागी हलविले. 3 एप्रिल 2021 रोजी इजिप्तने आपल्या 18 राजांना व 4 राण्यांना कैरोच्या रस्त्यांवरून राजेशाही थाटात नव्या संग्रहालयात नेले.

देहाविषयी आपली समजूत इजिप्तहून वेगळी आहे आणि ती तशीच राहील. परंतु पितृपक्षात पूर्वजांची नावे घेऊन तर्पण करणाऱ्या समाजाला नावाचे मोल शिकवावे लागत नाही. संग्रहालयातील काचपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने ती वस्तू किती जुनी, एवढेच विचारून पुढे जाऊ नये. हे माणूस कोण होते, त्याचे नाव काय होते, असेही विचारावे. त्या माणसाने हजारो वर्षांपूर्वी देहाची सारी व्यवस्था केली होती, ती याच प्रश्नासाठी.